जिप्सी किती उचलायची? बांध, चाकोरी आणि नवे पाटे



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. आमची जिप्सी उंच केल्यापासून नेऱ्याच्या नाक्यावर जो भेटतो तो हेच विचारतो, "किती इंच उचलली? खर्च किती आला? आता कुठंही जाते का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगणं होत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले जे वाचतात त्यांच्यासाठी मातीबद्दलही मध्ये थोडं आहे.

आधी रस्ता सांगतो, नाहीतर बाकीचं समजणार नाही. घर खारघरला, गावठाणात. बापाची भातशेती सिडकोत गेली, तिथं आता इमारती आहेत. आज जी जमीन कसतो ती माथेरानच्या पायथ्याला, नेरे-मालडुंग्याच्या बाजूला. डांबर संपलं की शेतापर्यंत साधारण सव्वा किलोमीटर. त्यातला पहिला निम्मा वरकसातून, ट्रॅक्टरनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांचा. मग ओढा, पावसाळ्यात गुडघ्याएवढं पाणी. मग भातखाचरं, आणि त्यातून जाताना आडवे येणारे दोन बांध. दुसरा बांध चांगला दीड-पावणेदोन फूट उंच. पलीकडे आमची मजगी, वर थोडे आंबे, आणि त्याच्या पलीकडे एक वाडी. वाडीला स्वतःचं चारचाकी वाहन नाही. त्यामुळे आमची जिप्सी बियाणं, खत, भात, माणसं सगळं वाहते.

गाडी २००८ ची जिप्सी किंग. जिप्सी भारतात १९८५ च्या डिसेंबरात आली, तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ ला १३०० सीसीची किंग आली आणि २०१९ ला गाडी बंद झाली. एवढ्या वर्षांत खालचा सांगाडा फारसा बदलला नाही. पुढं-मागं सलग ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांना कमानपाटे, टांग्याला असायचे त्याच जातीचे. बसायला कडक, पण कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळचा कुठलाही ट्रकचा पाटेवाला तिला हात लावू शकतो. माझ्यासारख्याला हे फार मोलाचं आहे.

आता उचलायची गरज का पडली ते.

दोन वर्षांपूर्वी जुलैत लावणी चालू होती. वाडीतली एक बाई आवण खणत होती, तिच्या पायाला साप चावला. कुठला ते कुणी नीट पाहिलं नाही. पाय हलू न देता तिला मागच्या सीटवर आडवी घातली आणि निघालो. दुसऱ्या बांधावर गाडी पोटावर बसली. पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अलीकडे, आणि मधलं पोट बांधाच्या माथ्यावर. चारही चाकं फिरत होती पण वजन चाकांवर नव्हतंच. पाच जणांनी मागून उचलून, खाली दगड सारून गाडी काढली. दहा-बारा मिनिटं गेली. बाई पनवेलच्या सरकारी दवाखान्यात वेळेत पोहोचली, लस मिळाली, आठवड्याने घरी आली. यंदाही लावणीला होती. पण ती दहा मिनिटं घड्याळाने दहा होती, आम्हाला किती वाटली ते विचारू नका.

तेव्हा बांध थोडा फोडून वाट का करत नाही, असं शहरातले पाहुणे विचारतात. शेतकऱ्याला सांगायला नको. तो बांध सामाईक आहे आणि त्याच्या वरच्या खाचरात शेजाऱ्याचं पाणी उभं असतं. जुलैत बांधाला खोरं लावलं तर त्याचं खाचर रात्रीत रिकामं होईल आणि पुढच्या तीन पिढ्या कोर्टात जातील. दोन्ही बाजूंना दगडाचा ढाळ द्यायला शेजारी तयार झाला, तोही एका हातापुरताच, कारण त्याहून पुढं त्याची लावणीची जागा जाते. म्हणजे उरलेलं काम गाडीनेच करायचं.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने मोबाईलवर व्हिडिओ दाखवले. "काका, चार-पाच इंच लिफ्ट करू, मोठे टायर टाकू, बांध काय नि ओढा काय!" मी म्हटलं, थांब. आधी आपली गाडी खालून नक्की कुठं लागते ते बघू.

मंडळी, ह्या सगळ्या टिपणात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पुतण्याला घेऊन ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, गाडीच्या पोटाला चुना फासला. चुन्यात थोडा डिंक घातला म्हणजे सुकल्यावर झडत नाही. पुढच्या-मागच्या ॲक्सलवरचे डिफरन्शियलचे गोळे, मधला ट्रान्स्फर केस, त्याखालचा पत्रा, सायलेन्सरचा पाइप, पाट्यांखालच्या यू-बोल्टच्या प्लेटी, मागचा हुक, सगळीकडे. ओढ्याच्या अलीकडे चाकोरीत दोन फेऱ्या मारल्या आणि खाली झोपून पाहिलं. मग परत चुना लावून बांधावरून दोन फेऱ्या.

चाकोरीत चुना गेला होता तो फक्त दोन्ही गोळ्यांच्या बुडाचा आणि थोडा यू-बोल्टच्या प्लेटींचा. बांधावर गेला होता तो ट्रान्स्फर केसखालच्या पत्र्याचा, सायलेन्सरचा आणि मागच्या हुकाचा. दोन वाटा, आणि दोन्हीकडे गाडी वेगवेगळ्या जागी लागते.

ह्यात सगळी गोम आहे. सलग ॲक्सलच्या गाडीत पाटे उंच केले की चॅसी आणि चॅसीला लटकलेलं सगळं वर जातं. ॲक्सल मात्र आहे तिथंच राहतो. त्याची जमिनीपासूनची उंची टायरच्या त्रिज्येने ठरते, पाट्याने नाही. तुम्ही पाच इंच उचला नाहीतर दहा, चाकोरीच्या मधला उंचवटा गोळ्याला लागायचा तो लागणारच. उलट बांध ओलांडताना पोट लागतं, आणि पोट चॅसीबरोबर वर जातं. म्हणून लिफ्टचा उपयोग बांधाला, चाकोरीला शून्य.

टायर मोठे केले तर? हिशोब करून पाहा. आमचा टायर २०५/७० आर १५. त्याचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. पुतण्याला हवा होता तो २१५/७५ आर १५, व्यास साधारण ७०३. फरक ३५ मिलिमीटरचा, पण गोळा वर जाणार त्याच्या निम्मा, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. बोटाच्या जाडीएवढं! त्यासाठी चार नवे टायर, वर गिअरिंग पाच टक्क्यांनी लांब होणार, म्हणजे चढाला गाडी तेवढी कमी ओढणार, आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ने चाललेली असेल. त्या पैशात आम्ही दोन ट्रॉली मुरूम आणि एका दिवसाची मजुरी केली. चाकोऱ्या भरल्या, मधला उंचवटा फावड्याने उतरवला. दरवर्षी दिवाळीनंतर पुन्हा करावं लागेल, करू. चाकोरी फावड्याने सुटते, बांध सुटत नाही, म्हणून पाट्यांवर पैसे खर्च करायचे ते बांधासाठी.

मग प्रश्न उरला किती उचलायची.

त्याआधी गाडी किती बसलीय ते पाहिलं. सतरा वर्षांचे पाटे, त्यावर गोण्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेपने माप घेतलं. ओळखीच्या एकाकडे २०१८ ची, कमी चाललेली जिप्सी आहे, तिचीही मापं घेतली. आमची पुढून २ सेंटिमीटर आणि मागून साडेतीन सेंटिमीटर खाली होती. म्हणजे कंपनीने दिलेली उंचीच आमच्याकडे उरली नव्हती. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे जुनी जिप्सी, बोलेरो, जीप असेल त्यांनी लिफ्टचा विचार करायच्या आधी हे माप घ्या. पुष्कळांचं काम नुसत्या नव्या पाट्यांनी होईल.

बसलेले पाटे उचलायचे तीन-चार मार्ग गॅरेजवाले सांगतात. एक, लांब शॅकल टाकणं. स्वस्त, तासाभराचं काम. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी साधारण एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. पण जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की ॲक्सल किंचित पुढं कलतो, कॅस्टर कमी होतो आणि वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप सरळ यायचं ते येत नाही. दोन, एक पाटा वाढवणं. ट्रकवाल्यांचा आवडता उपाय. त्याने उंची येते ती ताठपणातून. भरलेली गाडी बरी चालते, रिकामी गाडी उड्या मारते आणि खडबडीत वाटेवर चाक जमिनीला टेकत नाही. जे चाक टेकत नाही ते ओढत नाही. तीन, ॲक्सल पाट्याच्या वर आहे तो खाली घेणं, म्हणजे पाटे ॲक्सलच्या वर बसवणं. जिप्सीत पाटे मुळात ॲक्सलखालून जातात, त्यामुळे ह्या बदलाने एका फटक्यात पाच-सहा इंच मिळतात. पुतण्याच्या व्हिडिओतल्या गाड्या ह्याच. पण त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठका वेल्डिंग कराव्या लागतात, स्टीअरिंगची दांडी तिरकी होते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात, आणि ब्रेक दाबल्यावर ॲक्सल पाट्यावर पिळवटतो. डोंगरात शनिवार-रविवार खेळायला जाणाऱ्यांचं ते काम. गोण्या आणि माणसं नेणाऱ्याचं नाही.

चार, नवे पाटे, पानं तेवढीच, फक्त कमान जास्त. आम्ही हा मार्ग धरला.

किती कमान, हे ठरवताना घरात वाद झाला. पुतण्याचं म्हणणं, एवढा खर्च करतोय तर चार इंच करू. मी त्याला कागद-पेन्सिल दिली. जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साधारण १.३ मीटर, म्हणजे मध्यापासून एक बाजू ६५ सेंटिमीटर. भरलेल्या गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे असं धरू. (नक्की किती ते माल कसा भरलाय त्यावर आहे, पण तुलनेला चालेल.) तर उभी गाडी ४५ अंश कलंडली की उलटणार. तो मध्य ५ सेंटिमीटर वर गेला तर ४३ अंशांना. साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे पाच इंच वर गेला तर ४० ला. कागदावर पाच अंश काहीच वाटत नाहीत. पण हा आकडा उभ्या गाडीचा आणि सपाट तिरप्या जमिनीचा आहे. वरकसात खालच्या बाजूचं चाक खड्ड्यात आणि वरच्या बाजूचं दगडावर आलं, त्यात मागं माणसं उभी, तर ह्यातले किती अंश शिल्लक राहतात? पुतण्याने गणित स्वतः केलं आणि मग गप्प बसला. माझ्यापेक्षा त्याचं गणित त्याला जास्त पटलं, बरं झालं.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मूळ दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. आरसी पुस्तकात जमिनीपासूनची उंची छापलेली नसते म्हणून काहीही चालतं असं समजू नका. आमच्या गाडीची पंधरा वर्षं २०२३ ला भरली, तेव्हा फिटनेस दाखवून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलीय. २०२८ ला परत गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करायची आहे. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा गाडीखाली वाकून बघणार. म्हणून काम करायच्या आधी विमा कंपनीला लेखी कळवलं, पोच घेतली. आणि ठरवलं की बसलेली उंची परत आणायची आणि त्यावर फार तर एक इंच. त्यातही काही परत न फिरवता येईल असं करायचं नाही. वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. कुणी हरकत घेतली तर चार तासांत कंपनीचे पाटे परत चढतील.

पाटे मागवले. आले तेव्हा त्याबरोबरचे यू-बोल्ट अर्धा इंच आखूड निघाले. विकणारा फोन उचलेना. शेवटी कळंबोलीत नवे वळवून घेतले, ते उलट जास्त चांगल्या सळीचे मिळाले. एक सांगतो, पाटे बदलताना जुने यू-बोल्ट परत वापरू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तेवढा धरत नाही.

बसवायचं काम खारघरला घरासमोरच्या काँक्रीटवर केलं. मिस्त्री कळंबोलीचा, वय साठीच्या पुढं, जन्म ट्रकखाली गेलेला. त्याने पहिली गोष्ट केली ती आदल्या रात्री येऊन सगळ्या बोल्टांवर डिझेल आणि जुनं ऑइल सोडून गेला. सकाळी गाडी चॅसीखाली घोड्यांवर घेतली. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही, हे त्याने चहा आणणाऱ्या पोरालाही बजावलं. मागचा डावा डोळ्याचा बोल्ट बुशमध्ये गंजून एकजीव झाला होता, त्यात दोन तास गेले. बाकी काम सरळ.

त्याच्याकडून शिकण्यासारखी एक गोष्ट. पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट त्याने गाडी वर असताना नुसते हाताने घट्ट केले. चाकं लावली, गाडी जमिनीवर उतरवली, दोघांना पुढच्या-मागच्या बंपरवर उभं करून चार वेळा हलवली आणि मगच पाना लावला. का, तर रबरी बुश लटकत्या स्थितीत आवळला की गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो. सहा महिन्यांत फाटतो आणि गाडीही नीट बसत नाही. हे मोठ्या गॅरेजात घाईत होत नाही.

पाट्यांबरोबर आणखी चार गोष्टी बघाव्याच लागतात. शॉकअप लांबीचे हवेत, नाहीतर चाक खाली लटकलं की सगळा झटका शॉकअपच्या डोळ्यावर येतो. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळताना ताणल्या जातात का ते प्रत्यक्ष लोंबकळवून पाहायचं. आमच्या एक इंचाला पुरल्या, जास्त उचललीत तर लांब नळ्या लागतील. पुढच्या ॲक्सलला मिस्त्रीने पाट्याखाली पोलादी पाचर दिली, अडीच अंशांची, कॅस्टर जागेवर राहावा म्हणून. आणि स्टीअरिंग. नवे पाटे घातल्यावर चाकं सरळ आणि स्टीअरिंग तिरकं झालं होतं, ते दांडीची लांबी फिरवून सरळ केलं. चाकांचा टो दोरी लावून पाहिला, नंतर मशीनवर तपासला. दोरीच्या आणि मशीनच्या मापात फरक नव्हता, मिस्त्री नुसता हसला.

संध्याकाळी मापं घेतली. बसलेल्या उंचीपेक्षा पुढून साडेचार आणि मागून सहा सेंटिमीटर वर. म्हणजे मूळ उंचीच्या वर पुढं-मागं अडीच. ठरवलं होतं तेवढंच. मग भरून पाहिलं. वजनाला गोण्या वापरल्या, आपल्याकडे काट्याची कमी नाही. डीएपीची गोणी ५० ची. युरियाची घेतलीत तर लक्षात ठेवा, ती २०१८ पासून ४५ ची आहे. सहा गोण्या, ३०० किलो, मागं ठेवल्या. जुन्या पाट्यांवर गाडी एवढ्यात रबरी थांब्यावर टेकायची. आता टेकली नाही, चार बोटं जागा राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रहदारी नसताना, उत्सव चौकाच्या गोलाला दोन फेऱ्या मारल्या, मेट्रोच्या खांबांखालून गेलो आणि सायन-पनवेल हायवेला ६० ते ७० ने चालवली. प्रॉपेलर शाफ्टची थरथर आली असती तर तिथं कळली असती, आली नाही. गोलाला गाडी आधीपेक्षा थोडी जास्त कलते, हे घरच्या सगळ्या चालवणाऱ्यांना सांगून ठेवलंय. हेडलाइट मागून-पुढून उंची बदलल्यामुळे समोरच्याच्या डोळ्यात जात होते, भिंतीसमोर उभी करून खाली घेतले. ह्या लहान कामाकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात आणि रात्री समोरचा शिव्या देतो.

आता बांध. रिकाम्या गाडीने, चुना लावून, चार फेऱ्या. दगडाचा ढाळ आणि नवे पाटे मिळून पोट कुठंही टेकलं नाही. सहा गोण्या भरून गेलो तेव्हा सायलेन्सरच्या एका वाकणाला चुना किंचित पुसला गेला. तो हँगर मिस्त्रीकडून एक बोट वर घेऊन घेतला.

ओढ्याबद्दल सांगतो, कारण इथं लोकांचा मोठा गैरसमज होतो. गाडी उंच झाली म्हणून जास्त पाण्यात घालायची नाही. चाकाचा हब आणि डिफरन्शियलचा गोळा पूर्वी जेवढ्या पाण्यात बुडायचा तेवढ्यातच आताही बुडतो. गरम गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि श्वासाच्या छोट्या छिद्रातून पाणी आत ओढलं जातं. आम्ही त्या छिद्रांना रबरी नळी जोडून वर चॅसीपर्यंत नेली. शंभर-दीडशे रुपयांचं काम. तरीही पावसाळा संपला की गोळ्याचं ऑइल काढून पाहतो. दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, लगेच बदलायचं.

आणि माती. कृषी अधिकारी मित्रांनो, हे तुम्ही तुमच्या भागात सांगा अशी विनंती. गाडी उंच झाली म्हणून भात कापल्यावर थेट खाचरात घालायचा मोह होतो. भारे बांधावर आणायची मेहनत वाचते ना! पण आपल्याकडे भातामागं वाल येतो तो उरलेल्या ओलीवर. त्या ओलीत चाक गेलं की माती दबते. वरच्या थरातली दाबणी टायरमधल्या हवेवर असते, खोलवरची ॲक्सलवरच्या वजनावर, आणि लिफ्टने ह्यातलं काहीच कमी होत नाही. शेजारच्या एका खाचरात मागच्या वर्षी पिकअप घातली होती. वाल उगवला तेव्हा चाकांच्या दोन पट्ट्या बांधावरूनही दिसत होत्या, रोपं विरळ आणि पिवळी. आमची गाडी बांधाच्या कडेच्या ठरलेल्या एकाच पट्ट्यावरून जाते. तो पट्टा वालाला सोडलेलाच असतो. भारे डोक्यावरून तिथपर्यंत येतात, पूर्वी यायचे तसेच.

चिखलात पकड हवी असेल तर पाट्यापेक्षा हवा जास्त उपयोगी. डांबर संपलं की थांबून टायरमधली हवा २६ वरून १८ वर आणतो. टायर पसरतो, चाकाखाली जास्त जमीन येते. परत डांबरावर चढायच्या आधी बारा व्होल्टच्या पंपाने भरून घेतो. कमी हवेवर हायवेला गेलात तर टायर तापून फुटेल, एवढं मात्र विसरू नका.

ज्यांच्याकडे जिम्नी आहे त्यांच्यासाठी थोडं. तिच्यातही सलग ॲक्सलच आहेत, म्हणून गोळ्याचा नियम तोच. पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत आणि ॲक्सल जागेवर धरायला आडवा पॅनहार्ड रॉड आहे. स्प्रिंग उंच केली की तो रॉड ॲक्सलला एका बाजूला सरकवतो. एक-दीड इंचापर्यंत फारसं जाणवत नाही, पुढं गेलात तर लांबी बदलता येणारा रॉड घ्यावा लागतो. पाच दारांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर, जिप्सीचा २३७५. मधलं अंतर जास्त, म्हणून आमच्यासारख्या बांधावर तिचं पोट आधी लागेल. नवी गाडी वॉरंटीत असेल तर हात लावायच्या आधी कंपनीत लेखी विचारा.

खर्चाचं विचारणाऱ्यांना. नवे पाटे, बुश, शॉकअप, यू-बोल्ट, पाचर, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून चाळीस हजारांच्या थोडं आत बसलं. मुरूम आणि ढाळाचे दगड वेगळे. त्यातली मिस्त्रीची मजुरी सगळ्यात कमी होती, मी वर जेवण घातलं आणि पहिल्या आंब्याची पेटी कबूल केलीय.

यू-बोल्ट शंभर किलोमीटरला एकदा आणि पाचशेला एकदा परत आवळायचे असतात. शंभरला आवळले तेव्हा मागचे दोन जवळजवळ पाव फेरा फिरले. पाचशे पुढच्या आठवड्यात भरतील. त्याच फेरीत वाडीतल्या दोघांना गाडी चालवायला बसवतोय, फोर-लो कधी टाकायचा आणि बांधावर पहिलं कुठलं चाक चढवायचं ते दाखवून. त्यातल्या एकाकडे लायसन आहे, दुसऱ्याचं शिकाऊ निघालंय. चावी यंदापासून पावसाळाभर वाडीतच राहील, शेतातल्या खोपीत खुंटीला. कुणाला अशीच व्यवस्था करायची असेल तर खारघर-पनवेलच्या बाजूला आलात की शेतावर या, गाडी खालून दाखवतो. येताना जुने कपडे घाला, झोपूनच बघावं लागतं.